रोप उंचीने नव्हे, मुळाने पारखावे

आषाढी एकादशीस पिंप्राळ्यात विठ्ठलाचा रथ निघतो आणि कार्तिकी एकादशीस जळगावात श्रीरामाचा रथ निघतो. पिंप्राळा हे एके काळचे स्वतंत्र गाव आता जळगाव महानगरपालिकेच्या हद्दीत आले आहे. परंतु या दोन रथांमधील चार महिन्यांचे महत्त्व शेतकऱ्याच्या दृष्टीने कमी झालेले नाही. पहिला रथ निघतो त्या सुमारास खानदेशात वृक्षारोपणाचा हंगाम भरात असतो. दुसरा रथ निघतो तेव्हा पाऊस संपलेला असतो आणि पुढील मृगापर्यंत सुमारे सात महिन्यांची कोरड सुरू होते. या चार महिन्यांत रोपाने आपले मूळ जमिनीत खोलवर पोचविले तर ते जगते. न पोचविले तर वैशाखातील ४५ अंशांच्या घरातील उन्हात वाळून जाते.

वृक्षारोपणाचा उत्साह या देशात नवा नाही. १९५० साली तत्कालीन केंद्रीय मंत्री कन्हैयालाल मुनशी यांनी वनमहोत्सवास आरंभ केला. महाराष्ट्र शासनाने २०१६ साली २ कोटी, २०१७ साली ४ कोटी, २०१८ साली १३ कोटी आणि २०१९ साली ३३ कोटी रोपे लावण्याचे उद्दिष्ट ठेविले. उद्दिष्टांचे आकडे मोठे झाले, ही गोष्ट स्वागतार्ह आहे. परंतु गावोगावचे बांध, गायराने आणि शाळांची आवारे पाहिली असता गतवर्षीच्या खड्ड्यातच यंदाचे रोप लावण्याचा प्रसंग पुष्कळ ठिकाणी येतो, हे कोणासही नाकारता येणार नाही. त्याचा दोष बहुधा पावसास, गुरांस अथवा गावकऱ्यांच्या उदासीनतेस दिला जातो. तो सर्वस्वी खोटा नाही. मात्र रोपाच्या मरणाचे एक कारण खड्ड्यात नसून रोपवाटिकेत असते, इकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. रोप कोणत्या पिशवीत वाढले आणि त्याला पाणी कसे मिळाले, या दोन गोष्टींवर त्याचे भवितव्य बव्हंशी ठरून गेलेले असते. आणि या दोन गोष्टींचा निर्णय निरनिराळा न करता एकत्र करावयास हवा.

पिशवीत माती किती मावते?

रोपवाटिकेत पिशव्या इंचांच्या मापाने विकल्या जातात. ४ × ६, ५ × ७, ६ × ९, ८ × १० ही मापे नित्याची आहेत. ऐकताना ती एकमेकांच्या जवळची वाटतात. परंतु त्यांत मावणाऱ्या मातीचा हिशेब केला असता फरक किती मोठा आहे ते कळून येते. पाण्यासाठी वर एक इंच जागा मोकळी सोडली, तर ४ × ६ इंचाच्या पिशवीत सुमारे ४०० मिलिलिटर माती बसते. ५ × ७ मध्ये पाऊण लिटरहून थोडी अधिक, ६ × ९ मध्ये दीड लिटर आणि ८ × १० मध्ये ३ लिटर माती बसते. म्हणजे रुंदी दुप्पट आणि उंची केवळ चार इंच वाढली, तरी मातीचे प्रमाण सातपटीहून अधिक होते.

आता याच मातीतील पाण्याचा विचार करावा. माती, रेती आणि कुजलेले शेणखत यांच्या चांगल्या मिश्रणात रोपास शोषून घेता येण्याजोगे पाणी मातीच्या आकारमानाच्या साधारणतः १० ते २० टक्के असते. या हिशेबाने सर्वांत लहान पिशवीत भरपूर पाणी घातल्यानंतरही रोपाच्या कामी येणारे पाणी ४० ते ८० मिलिलिटर, म्हणजे फार तर अर्धा पेला एवढेच राहते. पाने वाढलेल्या रोपास खानदेशातील मे महिन्याचा एक दिवस काढावयास ते पुरत नाही. ६ × ९ च्या पिशवीत हाच साठा १५० ते ३०० मिलिलिटर असतो. लहान पिशवीतील रोपास रोज, प्रसंगी दिवसातून दोन वेळा, पाणी द्यावे लागते ते यामुळे. पाणी देणारा मजूर एक दिवस आला नाही अथवा वीज दोन दिवस गेली, तर लहान पिशवीतील रोप तग धरीत नाही.

पिशवीचा आकार आणि रोपाची वाढ यांच्या संबंधाविषयी जगात अनेक ठिकाणी प्रयोग झाले आहेत. जर्मनीत संशोधन करणारे हेंड्रिक पोर्टर आणि त्यांचे सहकारी यांनी २०१२ साली अशा ६५ अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करून पाहिले. कुंडीचे आकारमान दुप्पट केले असता वनस्पतीचे एकूण वजन सरासरीने ४३ टक्क्यांनी वाढते, असे त्यांना आढळून आले. यातून दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली ही की, मुळांस जागा दिल्याने वाढ होते, हे निर्विवाद आहे. दुसरी ही की, माती दुप्पट केल्याने वाढ दुप्पट होत नाही. पिशवी मोठी करीत गेल्यास लाभाचे प्रमाण क्रमाने कमी होते. यास्तव ‘जितकी मोठी तितकी चांगली’ असे म्हणणेही शहाणपणाचे नाही.

वाफसा पिशवीतही हवा

पाऊस पडून गेल्यावर लगेच कोणी शेतकरी वखर घालीत नाही. तो वाफशाची वाट पाहतो. जमिनीत ओल हवी, पण हवाही हवी, हे त्यास कोणी शिकवावे लागत नाही. हेच ज्ञान रोपवाटिकेच्या दारात मात्र विसरले जाते. तेथे ‘रोज सकाळी पाणी’ हा नियम होऊन बसतो. पिशवीत ओल आहे की नाही, हे बोट घालून पाहिले जात नाही. सदैव चिंब असलेल्या मातीत मुळांचा श्वास कोंडतो. कोवळी रोपे जमिनीलगत कुजून कोलमडतात, पाने पिवळी पडतात. मग पाणी कमी पडले असे समजून आणखी पाणी घातले जाते, आणि रोगास अधिकच वाव मिळतो.

याच ठिकाणी पिशवीच्या उंचीचा आणि पाण्याचा संबंध येतो. तो समजून घेण्यास एक सोपा प्रयोग पुरेसा आहे. स्पंजाचा लांबट तुकडा पाण्यात पूर्ण भिजवून आडवा धरावा. थोड्या वेळाने त्यातून पाणी ठिबकणे थांबते. मग तोच तुकडा न पिळता उभा धरावा. तत्काळ पुन्हा पाणी ठिबकू लागते. स्पंज तोच, पाणी तेच. परंतु उंची वाढताच निचरा वाढला. मातीचेही असेच आहे. कोणत्याही पिशवीच्या तळाशी काही बोटे जाडीचा थर पाण्याने पूर्ण भरलेला राहतो. माती तीच असेल तर या थराची जाडी पिशवी उंच असो वा बुटकी, जवळजवळ सारखीच असते. त्यामुळे बुटक्या पिशवीत अर्धीअधिक माती चिबड राहते, तर उंच पिशवीत चिबड भाग थोडा आणि वाफशातील भाग पुष्कळ असतो. पिशवी रुंद करण्यापेक्षा उंच करण्याने अधिक लाभ होतो, त्याचे हे एक कारण आहे. ५ × ९ इंचाच्या उंच व अरुंद पिशवीत माती केवळ एक लिटर बसते, परंतु मुळास खाली उतरावयास आठ इंच मिळतात.

मातीची निवडही येथे महत्त्वाची ठरते. तापी आणि गिरणा यांच्या काठची काळी माती कपाशीस आणि केळीस उत्तम असली, तरी नुसती काळी माती पिशवीत भरणे हितावह नाही. ओली असता ती घट्ट होऊन हवा रोखते आणि वाळली असता आकसून पिशवीच्या कडेपासून सुटते. मग वरून घातलेले पाणी त्या फटीतून सरळ खाली निघून जाते आणि मातीचा गाभा कोरडाच राहतो. वरून पाहणारास पिशवीखाली पाणी आलेले दिसते व सिंचन पुरे झाले असा समज होतो. रेती आणि चांगले कुजलेले शेणखत मिसळल्याने हा दोष पुष्कळसा दूर होतो. तसेच पिशवी काठोकाठ भरू नये. वरचा एक इंच मोकळा सोडावा, म्हणजे पाणी बाहेर न सांडता आत मुरते.

पाणी देण्याची रीत अशी असावी. रोप लहान असता मातीचा वरचा थर ओलसर राहील अशा बेताने झारीने थोडे थोडे पाणी द्यावे. नळीची जोराची धार सोडू नये. तिने माती वाहून जाते व मुळे उघडी पडतात. रोपाने जोम धरल्यावर मात्र रोजचा शिडकावा बंद करून, खालच्या छिद्रांतून पाणी येईपर्यंत भरपूर पाणी द्यावे आणि पुढचे पाणी बोटाचे एक पेर माती वाळल्यावरच द्यावे. पिशवी हाताने उचलून पाहण्याची सवय लावल्यास चार दिवसांतच ओली पिशवी कोणती आणि कोरडी कोणती हे वजनावरून कळू लागते. रोजच्या वरवरच्या शिडकाव्याने मुळे वरच गर्दी करतात. खोल पाणी व मध्ये थोडी उसंत यांच्या योगाने ती खाली उतरतात.

अंजन, निंब आणि पिशवीतील महिने

कोणत्या वृक्षास कोणती पिशवी, याचे उत्तर वृक्षाच्या स्वभावात आणि तो पिशवीत किती महिने राहणार यात आहे. खानदेशाच्या कोरड्या डोंगरउतारांवरील अंजनाचे उदाहरण बोलके आहे. अंजनाचे रोप पहिल्या वर्षी जमिनीवर फारसे दिसत नाही. त्याचे सारे बळ सोटमुळाकडे जाते. वर वीतभर रोप असता खाली त्याहून कितीतरी लांब मूळ गेलेले असते. असे मूळ सहा इंचांच्या पिशवीत सापडले म्हणजे तळाशी पोचून वळते आणि पिशवीच्या भिंतीला धरून गोल फिरू लागते. हे वेटोळे लागवडीनंतर आपोआप सुटत नाही. रोप वर्षभर हिरवे दिसते. परंतु कोरड पडताच ओलीपर्यंत पोचलेले मूळ नसल्यामुळे ते वाळते, अथवा पुढे मोठे झाल्यावर वादळात मुळासकट उलथते. अंजनाकरिता म्हणूनच उंच, नळीसारखी पिशवी तरी हवी, अथवा पावसाच्या आरंभी तयार केलेल्या जागी बी थेट पेरणे तरी अधिक सयुक्तिक होय.

कडुनिंबाची गोष्ट निराळी आहे. निंबोळ्या उन्हाळ्याच्या शेवटी व पावसाच्या आरंभी पिकतात आणि बियांची उगवणशक्ती काही आठवड्यांतच कमी होते. म्हणून बी ताजेच पेरावे लागते. आषाढात उगवलेले रोप त्याच पावसाळ्यात लावण्याजोगे होत नाही. ते पुढील पावसाळ्यापर्यंत, म्हणजे जवळजवळ एक वर्ष पिशवीत राहते. मोहाचे बीसुद्धा असेच अल्पायुषी आहे. वर्षभर मुक्काम करणाऱ्या अशा रोपास ४ × ६ ची पिशवी देणे म्हणजे वाढत्या मुलास एकच अंगरखा वर्षानुवर्षे घालावयास लावण्यासारखे आहे. याउलट माघात पेरून आषाढात लावावयाच्या, जलद वाढणाऱ्या रोपास मध्यम पिशवी पुरते. तात्पर्य, चार-पाच महिन्यांच्या मुक्कामास ५ × ७, वर्षाच्या मुक्कामास ६ × ९ अथवा ५ × ९, आणि एका वर्षाहून अधिक ठेवावयाच्या रोपास ८ × १० असा साधारण आडाखा धरावयास हरकत नाही. यंदा न उठलेली रोपे त्याच पिशवीत पुढील वर्षापर्यंत राखून ठेवण्याची प्रथा मात्र बंद व्हावी. त्यांस मोठी पिशवी द्यावी. ते शक्य नसल्यास ती वाटू नयेत.

आणखी एक दोष सर्वत्र आढळतो. पिशव्या मोकळ्या जमिनीवर महिनोन्महिने एकाच जागी ठेवल्या असता मुळे छिद्रांतून बाहेर पडून खालच्या जमिनीत शिरतात. रोप पिशवीच्या नव्हे, तर जमिनीच्या बळावर झपाट्याने वाढते आणि पाहणारास ते फारच जोमदार वाटते. वाटपाच्या दिवशी पिशवी उचलताच हीच मुळे तुटतात. उंच रोप आणि तुटके मूळ अशी जोडी खड्ड्यात जाते; आठवड्यात पाने गळतात. यावर उपाय सोपा आहे. ठराविक काळाने पिशव्या जागेवरून हलवाव्यात, अथवा त्या जाळीच्या मांडवावर ठेवाव्यात. बाहेर डोकावणारे मुळाचे टोक हवेने सुकते, आणि आत नवी उपमुळे फुटतात.

काटक रोप

खानदेशातील केळी बागायतदारास या बाबतीत नवे काही सांगावे लागू नये. टिश्यू कल्चरचे केळीचे रोप प्रयोगशाळेतून निघाल्यावर सरळ शेतात जात नाही. ते प्रथम दमट हरितगृहात, नंतर सावलीच्या जाळीखाली असे टप्प्याटप्प्याने बाहेरच्या हवेस सरावते. असा सराव न झालेले रोप कोणताही जाणता शेतकरी विकत घेणार नाही. मग हाच शेतकरी बांधावर लावण्यासाठी निंबाचे, करंजाचे अथवा चिंचेचे रोप घेताना सावलीतून काढलेले, रोज पाणी प्यालेले, लुसलुशीत रोप का पसंत करतो? कारण ते उंच आणि हिरवेगार दिसते. त्या हिरवेपणाची किंमत पुढे त्याच्याच खड्ड्याला मोजावी लागते.

लागवडीपूर्वी चार ते सहा आठवडे रोपांस काटक करण्याची प्रक्रिया सुरू करावी. पिशव्या दाटीवाटीने न ठेवता त्यांत अंतर सोडावे, म्हणजे खोड जाड होते. नत्रखत बंद करावे. दोन पाण्यांमधील अंतर हळूहळू वाढवावे. दुपारी शेंडा किंचित मलूल व्हावा आणि सायंकाळी तो आपोआप सावरावा, इतकीच ही ओढ असावी. पाने गळतील इतका ताण देणे म्हणजे काटक करणे नव्हे. सावलीची जाळी काढताना खानदेशच्या हवेचा विशेष विचार करावा लागतो. लागवड आषाढात करावयाची म्हटल्यास हा काळ वैशाख-ज्येष्ठात येतो. त्या उन्हात जाळी एकदम काढल्यास रोपे भाजून निघतील. प्रथम सकाळचे ऊन द्यावे, मग दुपारनंतरचे, आणि मृगाचे ढग जमू लागल्यावर जाळी पूर्ण काढावी. रोपे वाहनात भरण्यापूर्वी मात्र एकदा पोटभर पाणी द्यावे.

असे रोप कसे ओळखावे? त्यासाठी एक साधे गणित आहे. रोपाची उंची सेंटिमीटरमध्ये मोजावी आणि बुंध्याची जाडी मिलिमीटरमध्ये मोजावी. उंचीस जाडीने भागावे. उत्तर ६ च्या आत आले तर रोप सामान्यतः काटक समजावे. ६० सेंटिमीटर उंच व ६ मिलिमीटर जाड रोपाचे उत्तर १० येते. ते काडीसारखे लवणार. ३५ सेंटिमीटर उंच व ७ मिलिमीटर जाड रोपाचे उत्तर ५ येते. ते दिसावयास ठेंगणे, पण लावावयास उत्तम होय. रोपे घेताना शंभरांतून दोन पिशव्या फाडून मुळे पाहण्याचा हक्क घेणाऱ्याने बजावावा. मुळे पांढुरकी, सर्व बाजूंस पसरलेली असावीत; तळाशी दोरखंडासारखे वेटोळे दिसल्यास ती खेप परत करावी.

खर्चाचा आक्षेप

मोठ्या व उंच पिशवीविरुद्ध जो आक्षेप घेतला जातो तो खर्चाचा, आणि तो दुर्लक्षिण्यासारखा नाही. मोठ्या पिशवीस माती, खत, जागा व पाणी अधिक लागते. ओल्या मातीसह ८ × १० ची पिशवी चार किलोच्या घरात जाते. सातपुड्याच्या उतारावर डोक्यावरून अशी रोपे वाहून नेणाऱ्या स्त्रीस तिचे ओझे काय असते, हे कचेरीत बसून ठरविणे योग्य नव्हे. म्हणूनच डोंगरावर ५ × ९ ची उंच-अरुंद पिशवी, आणि गुरांचा व माणसांचा वावर असलेल्या गावठाणात व रस्त्याकडेस मोठी पिशवी, असा विवेक करणे आवश्यक आहे.

परंतु खर्चाचा हिशेब रोपामागे न करता जगलेल्या झाडामागे करावयास हवा. केवळ हिशेबाची रीत समजावी म्हणून असे मानू की, लहान पिशवीतील रोप १० रुपयांस मिळते व मोठ्या पिशवीतील २५ रुपयांस. खड्डा, लागवड व कुंपण यांचा खर्च दोहोंस प्रत्येकी ४० रुपये येतो. शंभर लहान रोपांवर ५,००० रुपये खर्च होऊन ३० जगली, तर जगलेले एक झाड सुमारे १६७ रुपयांस पडले. शंभर मोठ्या रोपांवर ६,५०० रुपये खर्च होऊन ६५ जगली, तर एक झाड १०० रुपयांस पडले. स्वस्त रोप महाग झाले. हे आकडे प्रत्येक गावाने आपापल्या अनुभवावरून घालून पाहावेत. आणि वाया गेलेल्या एका पावसाळ्याची किंमत तर यात धरलेलीच नाही. ती कोणत्याही दरपत्रकात सापडत नाही.

जेथे पिशवीची गरज नाही

सर्वच ठिकाणी रोप लावावे लागते असेही नाही. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात बारीपाडा हे आदिवासी गाव आहे. तेथील ग्रामस्थांनी चैत्राम पवार यांच्या नेतृत्वाखाली गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकापासून गावाभोवतालच्या सुमारे १,१०० एकर जंगलाचे रक्षण केले. या कार्याबद्दल पवार यांस २०२५ साली पद्मश्री हा सन्मान जाहीर झाला. तोडलेल्या वृक्षाचे खोड गेले तरी जमिनीतील मूळ पुष्कळदा जिवंत असते. कुऱ्हाड आणि चराई थांबली की अशा मुळांतून धुमारे फुटतात, आणि त्यांस पहिल्या दिवसापासून खोल मुळाचा आधार असतो. पळस, धावडा यांसारखे वृक्ष असे पुन्हा उभे राहू शकतात. अशा जागी खड्डे खणून पिशवीतील रोपे लावण्यापेक्षा रक्षण करणे श्रेयस्कर होय. पिशवीतील रोप हवे ते जेथे जुने मूळ उरलेलेच नाही तेथे : शेताच्या बांधावर, पडीक गायरानावर, रस्त्याकडेस आणि पिंप्राळ्यासारख्या शहरात सामावलेल्या वस्त्यांच्या मोकळ्या जागांवर.

गावातच करावयाचा प्रयोग

या सर्व विवेचनावर कोणी डोळे मिटून विश्वास ठेवावा, अशी अपेक्षा नाही. शंभर रोपांत याची पारख करता येते. निंबाच्या शंभर पिशव्या घ्याव्यात : पन्नास ४ × ६ च्या व पन्नास ६ × ९ च्या. माती, खत व बी एकच असावे. प्रत्येक मापाच्या पंचवीस पिशव्यांस रोज ठराविक पाणी द्यावे आणि पंचवीस पिशव्यांस वरचे एक पेर माती वाळल्यावरच भरपूर पाणी द्यावे. याप्रमाणे चार गट होतात. पिशव्यांवर खुणा करून त्या एकमेकांत मिसळून ठेवाव्यात, म्हणजे ऊन-सावलीचा फरक एकाच गटाच्या वाट्यास येणार नाही. लागवडीच्या वेळी प्रत्येक गटातील पाच रोपांची मुळे धुऊन गावकऱ्यांपुढे मांडावीत. उरलेली ऐंशी रोपे एकाच जमिनीत, एकसारख्या खड्ड्यांत, पिशवी पूर्णपणे काढून लावावीत. कार्तिकी एकादशीस, होळीस आणि पुढील मृगास जिवंत रोपे मोजून वहीत नोंद करावी.

हा प्रयोग शाळेच्या आवारात विद्यार्थ्यांकडून करविणेही शक्य आहे. ममुराबाद व पाल येथील कृषि विज्ञान केंद्रांचे मार्गदर्शन घेतल्यास त्यास अधिक नेमकेपणा येईल. प्रयोगाचा निकाल प्रत्येक गावी एकसारखाच लागेल असे नव्हे. मुरमाड माळावर पिशवीची उंची महत्त्वाची ठरेल, तर बागायती पट्ट्यात पाण्याची शिस्त. परंतु गावाने स्वतः मोजलेला निकाल गावास पटतो, आणि पटलेली गोष्ट आदेशाविना अंमलात येते.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी या दृष्टीने रोपांची मागणी नोंदवितानाच तीन गोष्टी लिहून द्याव्यात : पिशवीचे माप व उंची, रोपाचे वय, आणि लागवडीपूर्वी रोपे काटक केलेली असावीत ही अट. ‘रोपे, नग पाचशे’ एवढीच मागणी गेली की त्या भाषेत उत्तर येते आणि पाचशे नग मिळतात. झाडे मिळत नाहीत. शेतकरी बंधूंनीही विनामूल्य मिळते म्हणून वेटोळ्या मुळाचे रोप घेऊ नये. खड्डा खणण्याचे श्रम, कुंपणाचा काटा आणि उन्हाळ्यात पंधरवड्यातून एकदा घातलेली पाण्याची घागर, हे काहीच विनामूल्य नसते. वृक्षारोपणाच्या अहवालात ‘लावलेली रोपे’ या रकान्याशेजारी ‘दुसऱ्या मृगास जिवंत असलेली रोपे’ असा रकाना घालण्यात यावा, आणि रोपवाटिकेची पारख त्या दुसऱ्या रकान्यावरून व्हावी. तसे झाले म्हणजे पिशवी किती उंच असावी आणि पाणी केव्हा द्यावे, हे रोपवाटिकेस निराळे सांगण्याची गरज उरणार नाही.